परिग्रह आणि अन्नरक्षा : कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी काही विचार



इतवारीतील एका कापड दुकानात हिशेब लिहिणारे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ गेली तीन वर्षे माझ्याकडे प्रमेहाच्या चिकित्सेसाठी येतात. शरीर स्थूल, काम बैठे, आईवडिलांनाही हाच व्याधी. मागील वर्षी आषाढात ते आले तेव्हा त्यांच्या हातात तपासणीचा कागद आणि चेहऱ्यावर नाराजी होती. म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकून पोळी सोडली, भात सोडला. वर्षभर ज्वारीचीच भाकर खातो. तरी साखर जिथली तिथंच." मी विचारले, "भाकरी किती?" "सकाळी दोन, रात्री दोन. कधी अडीच." "सोबत काय?" "पातळ वरण आणि थोडी भाजी." मी त्यांना भाकरी निम्म्यावर आणून भाजी दुप्पट करण्यास सांगितले. त्यावर शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे ठेल्यावर जी पालक येते, तिला नाल्याचा वास येतो. ती दुप्पट खायची का?"

पतीच्या तक्रारीचे उत्तर मला ठाऊक होते. ते वर्षभरापूर्वी सांगितले नाही हा दोष माझा. पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. धान्य कमी करा, डाळी-भाज्या-तेलबिया वाढवा, असा उपदेश आज आपण सारेच करीत आहोत. परंतु जे वाढवायला सांगतो ते निर्दोष आहे किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपण घेत नाही. कमी कर्बोदकांचा सल्ला आणि अन्नरक्षेची जबाबदारी या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, एवढेच या लेखातून मांडायचे आहे.

नागपूरला हा विषय नवा नाही

आहार आणि इन्सुलिन यांच्या संबंधाची चर्चा महाराष्ट्रात घरोघर पोहोचली, तिचे एक मूळ आपल्या नागपुरात आहे. वैद्यकाची पदवी घेऊन पुढे संस्कृतासह अनेक विषयांत पारंगत झालेले कै. डॉ. श्रीकांत जिचकार वारंवार खाण्याच्या सवयीविरुद्ध व्याख्याने देत असत. २ जून २००४ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या विचारांचा वारसा सांगत पुढे लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि ४५ मिनिटे चालणे, हा क्रम लोकप्रिय केला. खेड्यापाड्यांतील लोक 'आमचे दीक्षित चालू आहे' असे सहजपणे सांगू लागले. अध्यशनाचा, म्हणजे पहिले अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाण्याचा, निषेध आपली संहिता करीतच आली आहे. त्यामुळे या विचाराला आपण परका मानण्याचे कारण नाही.

मात्र 'किती वेळा' या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे 'काय आणि किती' या प्रश्नांचे उत्तर मिळाले असे होत नाही. दोनदाच जेवणारा मनुष्य दोन्ही वेळा भाताचा डोंगर रचीत असेल, तर संतर्पण थांबलेले नसते.

धान्य बदलले, राशी बदलली नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ साली भारतात १० कोटी १० लक्ष मधुमेही आणि १३ कोटी ६० लक्ष मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. त्याच सर्वेक्षणातील आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली पुढे आले. भारतीयांच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आपल्या दृष्टीने त्यातील अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे : एकूण कर्बोदके कमी न करता केवळ मैदा-पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे अथवा भरड धान्याचे पीठ वापरल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा काही भाग प्रथिनांनी भरून काढला, तेव्हा तो कमी दिसला.

आमच्या हिशेबनीस रुग्णाची तक्रार नेमकी हीच होती. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, कोणतेही धान्य घ्या. १०० ग्रॅममध्ये कर्बोदके ६० ते ७८ ग्रॅम असतातच. ज्वारीत तंतू अधिक आहेत, ती रूक्ष व लघू आहे, म्हणून भातापेक्षा ती सरस, हे मान्य. पण ती मोजून खावयाची वस्तू आहे, हे आपण सांगत नाही. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरले तरी चार भाकरींतून १४० ग्रॅम कर्बोदके केवळ भाकरीचीच झाली. आणि आपल्या वऱ्हाडी भाकरीला ५० ग्रॅम पीठ पुरते तरी कुठे?

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची आठ आयतने सांगताना 'राशी' सांगितली आणि तिचे दोन प्रकार केले. संपूर्ण ताटाचे मिळून प्रमाण तो सर्वग्रह, आणि ताटातील एकेका द्रव्याचे वेगवेगळे प्रमाण तो परिग्रह. 'कमी जेवा' हा सर्वग्रहाचा उपदेश झाला. 'भाकरी दोन, डाळ दोन वाट्या, भाजी दोन वाट्या, जवसाची चटणी दोन चमचे' हा परिग्रहाचा उपदेश होय. आधुनिक परिभाषेत ज्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, त्याचे मर्म परिग्रहातच आहे. स्थूल मनुष्यासाठी गुरू परंतु अपतर्पक असे अन्न चरकांनी सुचविले, त्याचाही अर्थ हाच : पोट भरावे, परंतु मेद वाढू नये.

व्यवहारात हे फारसे अवघड नाही. दिवसाला १०० ग्रॅम पीठ कमी केले की सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके उतरतात. त्या जागी मूठभर मुगाची वा हरभऱ्याची जास्तीची डाळ आली तर तीत कर्बोदके असली तरी १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. जवस, तीळ, शेंगदाणे यांत कर्बोदके धान्यापेक्षा पुष्कळ कमी. आंबाडी, तरोटा, चिवळ, कटुले, हेट्याची फुले या आपल्या विदर्भाच्या भाज्या आजही पावसाळ्यात बाजारात येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनेही तृणधान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा घेऊ नये असे सुचविले आहे. यासाठी परदेशी फळे, महागडी पिठे अथवा डब्यातील पूड यांची काहीच आवश्यकता नाही.

सर्वांना एकच पथ्य नव्हे

येथे दोन सावधानता नोंदविणे मला आवश्यक वाटते. पहिली, औषधांविषयी. साखर उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्या चालू असलेल्या माझ्या एका रुग्णाने कोणाचे तरी व्याख्यान ऐकून धान्य एकदम बंद केले. तिसऱ्या पहाटे घाम, कंप आणि भ्रम या लक्षणांनी घरचे घाबरले. साखर-पाणी देऊन सावरता आले, हे दैव. सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्याचे धान्य कमी करावयाचे तर मात्राही कमी करावी लागते, आणि ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळविल्याशिवाय करू नये. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाने कर्बोदके जवळपास बंद केली तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो. गर्भिणी व वृक्कविकाराचे रुग्ण यांना तर असा आहार सरसकट सांगूच नये.

दुसरी, प्रकृती आणि परिस्थिती यांविषयी. चरकांनी प्रमेही दोन मानले, एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्याला शोधन, दुसऱ्याला बृंहण. गडचिरोली-गोंदियाकडून येणारा, पन्नास किलोही वजन नसलेला, भातावर जगणारा मजूर हा दुसऱ्या प्रकारचा. 'भात बंद' एवढेच सांगून त्याला परत पाठविणे म्हणजे त्याचे उरलेसुरले बलही हिरावून घेणे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य. दिवसाला हे साधारण १६५ ग्रॅम होते. म्हणजे गरिबाला कर्बोदके फुकट आणि प्रथिने विकत, अशी आजची स्थिती आहे. सुश्रुतांनी निर्धन प्रमेह्यासाठी शंभर वा त्याहून अधिक योजने चालणे वेगळे सांगितले. रुग्णाची मिळकत विचारात घेऊन पथ्य सांगण्याची ही परंपरा आपली आहे, ती आपण सोडू नये. अशा रुग्णाला मी भात बंद करायला सांगत नाही. भाताबरोबर रोज एक मूठ मूग किंवा चणे, आणि अंगणात शेवगा, एवढेच सांगते.

वाढविलेले अन्न निर्दोष आहे काय?

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि ते पाणी वैनगंगेच्या गोसीखुर्द जलाशयापर्यंत जाते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. कोणत्याही मोठ्या शहराच्या कडेला सांडपाण्यावर पालेभाजी पिकविली जाते. अशा पाण्यातील जंतू शिजविल्याने मरतील. परंतु जड धातू उकळून जात नाहीत आणि वनस्पतीच्या आत शोषले गेलेले कीटकनाशक मिठाच्या पाण्यात धुऊन निघत नाही. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. ते विष श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात गेले. अन्नावाटे जाणारी मात्रा त्याहून फार अल्प असते, याची जाणीव मला आहे. परंतु अल्प मात्रेने दीर्घकाळ शरीरात राहणाऱ्या विषाला आपण दूषीविष म्हणतो, आणि त्याचे लक्षण तत्काळ दिसत नाही म्हणून ते नाही असे आपण कधी मानलेले नाही.

धान्याऐवजी ज्या वस्तू आपण सुचवितो, त्या प्रत्येकीची एक जोखीम आहे. तुरीच्या डाळीत आणि बेसनात लाखोळीची भेसळ हा विदर्भ-छत्तीसगडचा जुना प्रश्न. कलायखंजाचा धोका ओळखूनच महाराष्ट्राने १९६१ साली लाखोळीवर बंदी आणली होती. आज तिच्या कमी विषाच्या वाणांबद्दल निराळा वाद चालू असला, तरी तूर म्हणून लाखोळी विकणे ही लबाडीच आहे. शेंगदाण्यावर बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन. दुधाचेही तेच : अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी प्रत्यक्ष भेसळीचे अवघे १२ निघाले, पण ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण मर्यादेबाहेर होते, आणि ते जनावरांच्या बुरशीयुक्त खाद्यातून आले होते. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या शोथाची साथ येऊन गेली.

आठ आयतनांतील 'देश' सांगताना चरकांनी द्रव्याची उत्पत्ती आणि प्रचार, म्हणजे ते कोठे पिकले व कोठून कोठे आले, यांचा उल्लेख केला आहे. 'करण' सांगताना पाणी व अग्नी यांच्या संस्काराबरोबर शौचाचा, म्हणजे स्वच्छतेचा, निर्देश केला आहे. वाग्भटांनी तर सूत्रस्थानातील एक संपूर्ण अध्याय अन्नरक्षेला दिला. त्या काळी वैद्याने राजाच्या अन्नाची परीक्षा करावी, अशी अपेक्षा होती. आज प्रत्येक रुग्ण हाच राजा आहे. पण त्याच्या ताटातील अन्नाची परीक्षा करणारा वैद्य कोठे आहे?

आपल्याच फडताळाकडे पाहताना

हा प्रश्न विचारताना प्रथम मला माझ्याच औषधालयाकडे बोट करावे लागते. एका मधुमेही आजींना जुनाट कासासाठी मी महिनाभर एक अवलेह दिला. दोन वेळा दोन-दोन चमचे. साखर का वाढली याचा शोध घेत मी त्यांच्या जेवणावर संशय घेत राहिले. शेवटी ध्यानात आले की साखर मीच पाजत होते. शार्ङ्गधरांनी अवलेहाच्या सामान्य परिभाषेत चूर्णाच्या चौपट खडीसाखर अथवा दुप्पट गूळ सांगितला आहे. अरिष्टांच्या अनुक्त मानातही द्रोणभर द्रवाला तुळाभर गूळ आहे. तो कल्प त्या काळच्या, श्रम करणाऱ्या शरीरासाठी होता. दोन चमचे अवलेह २५ ग्रॅम आणि त्यात निम्मी साखर धरली, तरी दोन वेळची मिळून साखर २५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसभरासाठी जी इष्ट मर्यादा सुचविते ती जवळपास एवढीच आहे. म्हणजे रुग्णाची चहातली साखर आपण सोडवितो आणि औषधाच्या नावाने परत देतो.

मधाचेही तसेच. स्थौल्यात मध लेखन म्हणून आपण सहज सांगतो. पण १०० ग्रॅम मधात सुमारे ८० ग्रॅम शर्कराच असते, म्हणून तो अनुपानाच्या मात्रेतच राहावा. शिवाय बाजारातील मध मध आहे काय? डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ नाममुद्रांचे नमुने परदेशी प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा १० नमुने न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स चाचणीत उतरले नाहीत. उत्पादकांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण शंका निर्माण झाली ती झालीच. आणि आपल्या औषधांवरच बोट ठेवले गेले त्यासही आता बरीच वर्षे झाली. सन २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू सापडले आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना धातूंची तपासणी अनिवार्य झाली. परदेशी ग्राहकासाठी जी काळजी सक्तीने घ्यावी लागली, ती आपल्या शेजारच्या रुग्णासाठी स्वखुशीने घेण्यात कमीपणा कसला?

काय करता येईल

केवळ टीका करून थांबू नये म्हणून तीन सूचना संघटनेपुढे नम्रपणे ठेवते.

पहिली, चिकित्सकांसाठी. प्रमेह व स्थौल्याच्या प्रत्येक रुग्णाला आहाराचा कागद देताना त्यावर 'गोड, बटाटा, भात वर्ज्य' एवढेच न लिहिता परिग्रह लिहावा : भाकरी किती, डाळ किती वाट्या, भाजी किती, तेलबी किती. त्याखाली एक ओळ अन्नरक्षेची असावी : पालेभाजी ओळखीच्या शेतकऱ्याकडून, शक्य तेवढी हंगामातलीच, हळद सबंध घेऊन दळलेली, काळपट, सुरकुतलेले शेंगदाणे टाकून द्यावे, डाळ वर्षाची भरून एरंडेल चोळून वा कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी, जवस सबंध ठेवून लागेल तेवढाच भाजून कुटावा.

दुसरी, औषधालयांच्या मालकांसाठी. अवलेह, आसव, अरिष्ट व पाक यांच्या आवेष्टनावर एका मात्रेत साखर वा गूळ किती ग्रॅम, हे ठळकपणे छापावे. मधुमेह्याला तेच द्रव्य चूर्ण, क्वाथ अथवा वटीच्या रूपात उपलब्ध करून द्यावे. यामुळे विक्री घटेल अशी भीती काहींना वाटेल. माझा अनुभव असा की जो दुकानदार 'हे तुम्हाला चालणार नाही' असे सांगतो, त्याच्याकडेच रुग्ण दुसऱ्यांदा येतो.

तिसरी, संघटनेसाठी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक आपण विकत घेतलेल्या अन्नाचे विश्लेषण शुल्क भरून करून घेऊ शकतो. आपल्या शाखेने दर तिमाहीस तूरडाळ, हळद, मध आणि पालेभाजी यांचे मोजके नमुने कळमना, कॉटन मार्केट व इतवारी येथून विकत घ्यावेत, तपासून घ्यावेत आणि निष्कर्ष याच त्रैमासिकात छापावेत. खर्च सभासदांनी वाटून घेतला तर कोणालाच जड होणार नाही. दोन वर्षांत आपल्यापाशी आपल्या शहराच्या अन्नाची अशी नोंद तयार होईल, जी आज कोणत्याही वैद्याकडे नाही.

ते हिशेबनीस गृहस्थ आता दोन वेळा एकेकच भाकरी खातात, सोबत घट्ट वरण, चटणी आणि भाजी. सहा महिन्यांत त्यांची शर्करा खाली आली आणि कंबरेचा घेरही उतरला. त्यांच्या पत्नींनी गच्चीवर आठ कुंड्यांत मेथी व तांदुळजा लावला आहे. परंतु आठ कुंड्यांनी दोन माणसांची भाजी वर्षभर निघत नाही. उरलेले दिवस त्या ठेल्यावरचीच भाजी घेतात आणि मला तोच प्रश्न पुन्हा विचारतात. त्यांना उत्तर देता यावे म्हणून तरी वरील तिसऱ्या सूचनेचा विचार येत्या सर्वसाधारण सभेत व्हावा, अशी विनंती आहे. या विषयावर सभासदांचे अनुभव व मतभेद पुढील अंकासाठी अवश्य यावेत.